आश्रिताची उंची

बाजवा समुद्रसपाटीपासून जेमतेम 35 ते 40 मीटर उंचीवर आहे. भोवती सपाट मैदान, मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग, एका बाजूला खताचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला कोयलीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. वडोदऱ्याच्या पलीकडे, शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर, याच मैदानातून पावागड एकाएकी उभा राहतो. त्याचा माथा 800 मीटरच्या थोडा वर आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही उंची नगण्य वाटेल. पण दर 1000 मीटरला हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने बाजवा आणि पावागडाचा माथा यांत चार-पाच अंशांचा फरक पडतो. माणूस तो अंगावर शाल घेऊन मिटवतो. ज्याच्या देहाला स्वतःची ऊब नाही, त्याच्यासाठी मात्र चार-पाच अंश म्हणजे आयुष्याची लांबी, कामाचे दिवस आणि पिढ्यांची संख्या ठरवणारी गोष्ट आहे. कोळी आणि त्याच्या देहावर आपले अपत्य वाढवणारी गांधीलमाशी हे असे दोन जीव आहेत. या दोघांवर उंचीचा परिणाम सारखा होत नाही, आणि त्या असमानतेने मला अनेक वर्षे विचारात पाडले आहे.

पावसाळा लागला की आमच्या घरात कुंभारीण येते. काळ्या-पिवळ्या रंगाची, दोऱ्याएवढ्या कमरेची ही माशी माणसाच्या वाटेला जात नाही. तिचे सारे लक्ष मातीवर असते. नळाखालच्या ओलीवर उतरून ती जबड्यांनी आणि पुढच्या पायांनी चिखलाची गोळी वळते, आणि वळताना तिच्या गुणगुणण्याचा स्वर चढत जातो. ती गोळी विजेच्या मीटरमागे, खिडकीच्या चौकटीत किंवा तसबिरीच्या पाठीला नेऊन लिंपली जाते. नळीसारखी एक कोठडी तयार झाली की कोळी हुडकण्याचे काम सुरू होते. तिच्या दंशाने कोळी मरत नाही, लुळा पडतो. अशा लुळ्या कोळ्यांनी कोठडी भरायची, त्यांतल्या एकावर अंडे घालायचे, तोंड मातीने बंद करायचे आणि शेजारी दुसरी कोठडी बांधायला घ्यायची, असा तिचा क्रम असतो. कोठडीतून जे बाहेर पडेल ते ती कधीही पाहत नाही.

एका दिवाळीच्या साफसफाईत असे घर भिंतीवरून निघाले आणि एक कोठडी उघडी पडली. आत दहा-बारा कोळी दाटीने रचलेले होते. सर्वांचे पाय पोटाशी घेतलेले. एकाच्या पाठीवरचा पिवळा पट्टा ताजा होता, एका हिरव्या कोळ्याचा रंग जराही उतरलेला नव्हता. तळाशी फिकट पिवळसर, बिनपायाची अळी एका कोळ्याच्या पोटाला तोंड लावून स्थिर होती. मी भिंग धरून केरसुणीच्या हिराने वरच्या कोळ्याला स्पर्श केला, तेव्हा त्याच्या तोंडाजवळचा एक आखूड अवयव किंचित हलला. म्हणजे तो जिवंत होता. तो तसाच राहणार होता, अळी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत.

त्या हालचालीचा विसर पडत नाही. चार्ल्स डार्विन यांनी 1860 साली आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात अशाच माश्यांचा दाखला दिला होता. जिवंत सुरवंटाच्या देहात वाढणाऱ्या अळ्या एखाद्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक घडवल्या असतील, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. परजीवी प्राणी पुष्कळ असतात, आणि ते पोशिंद्याला झिजवतात, पण बहुधा जगू देतात. येथे पोशिंद्याचा मृत्यू अटळ आहे, आणि तो लांबवलेला आहे, कारण अन्न ताजे राहणे आवश्यक आहे. ज्याला या व्यवहारात क्रौर्य दिसत नाही त्याच्याशी माझा वाद नाही. मला ते दिसते, आणि म्हणूनच, जेथे हा व्यवहार थांबतो अशी एखादी जागा आहे का, हा प्रश्न पडतो.

आपल्या परंपरेने या दोघांकडे फार पूर्वी पाहिले होते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले आहेत. त्यांत कोळी आणि कुंभारीण हे शेवटचे दोन आहेत, आणि लागोपाठ आहेत. एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे हे दोन्ही गुरू मराठी घरांत पोचले. कोळी आपल्या देहातून सूत काढतो, त्यावर विहरतो आणि शेवटी ते गिळतो, म्हणून तो विश्वाची उत्पत्ती आणि लय करणाऱ्या परमेश्वराचा दृष्टांत ठरला. कुंभारीण एका किड्याला भिंतीवरच्या घरात कोंडते, तो भयाने तिचेच ध्यान करतो आणि अखेर तिचेच रूप घेऊन बाहेर पडतो, म्हणून ती एकाग्रतेचा दृष्टांत ठरली. यातले निरीक्षण चोख आहे. कित्येक गोल जाळी विणणारे कोळी आपले जाळे खरोखरच खातात. कोठडीत एक जीव जातो आणि दुसराच बाहेर येतो, हेही खरे आहे. फक्त मधल्या अंधारात काय घडते ते कोणी उघडून पाहिले नव्हते. काही कुंभारणी सुरवंट कोंडतात, काही कोळी. आमच्या भिंतीवरच्या कोठडीत तर तेविसावा गुरू चोविसाव्याच्या अपत्याचे अन्न झालेला होता. अवधूताने ज्यांच्यापासून वेगवेगळे बोध घेतले, ते दोघे एकमेकांशी अशा नात्याने बांधलेले आहेत, हे कळल्यावर त्या बोधाचे मूल्य माझ्यासाठी कमी झाले नाही. त्यात गांभीर्याची भर पडली.

पावागडावर माचीपर्यंत वाहने जातात आणि पुढे रोपवे आहे, पण मी पायऱ्यांनीच चढत आलो आहे, कारण पायऱ्या चढताना उंची पायांना कळत राहते. श्रावणात माचीच्या वर अनेकदा ढग उतरलेले असतात. अशा वेळी कठड्यांवर आणि झुडपांत कोळ्यांची जाळी थेंबांनी जड होऊन दिसतात, आणि प्रत्येकाचा धनी मध्यभागी किंवा पानाआड बसलेला असतो. कुंभारीण मात्र कोठे दिसत नाही. मग तासभर ऊन पडते. माथ्याजवळच्या दुधिया तळ्याच्या काठी ती चिखलावर उतरलेली दिसते, आणि ढग परतला की पुन्हा नाहीशी होते. ही वाटेवरची नजर आहे, मोजमाप नव्हे. परंतु तिच्यामागचे कारण कीटकशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

कोळी हा वाट पाहून जगणारा प्राणी आहे. विश्रांतीच्या स्थितीत त्याच्या देहाचा खर्च अत्यल्प असतो, आणि पुष्कळ जातींचे कोळी अन्नावाचून आठवडेच्या आठवडे काढतात. थंड, ढगाळ दिवस हा त्याच्या दृष्टीने फक्त रिकामा दिवस. कुंभारणीचे तसे नाही. तिला उडावे लागते, आणि उडण्यासाठी पंखांचे स्नायू तापलेले असावे लागतात. एका कोठडीसाठी मातीच्या कितीतरी खेपा, मग दहा-बारा शिकारी, प्रत्येक शिकार उचलून आणणे, हे सारे उन्हाच्या तासांत बसवायचे असते. ढगाळ दिवस तिच्या हिशेबातून पुरता वजा होतो. मातीला ओल हवी आणि उडायला ऊन हवे, या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. आमच्या मैदानात त्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आलटून पालटून भागतात, पण डोंगर जसजसा चढावा तसतसा दोन्ही एकदम भागण्याचा काळ आखूड होत जातो. कोठडीतल्या अळीचीही तीच गत असते. तापमान उतरले की तिची वाढ मंदावते, साठवलेल्या कोळ्यांना बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि जेथे खाली वर्षात अनेक पिढ्या होतात तेथे वर कमी होतात. शिवाय पोशिंदाही बदलतो. खूप उंचावर मोठी गोल जाळी विणणारे कोळी विरळ होतात आणि जमिनीलगत, दगडांच्या फटींत राहणारे लहान कोळी उरतात. ते शोधायला अवघड आणि एका कोठडीसाठी अधिक संख्येने लागणारे.

या क्रमाचे टोक हिमालयात आहे. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत रिचर्ड हिंग्स्टन नावाचे डॉक्टर निसर्गनिरीक्षक म्हणून गेले होते. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले होते आणि भारतातल्या मुंग्या, कोळी व गांधीलमाश्या यांच्यावर त्यांनी बारकाईने लिहिले आहे. त्यांना सुमारे 6,700 मीटर उंचीवर, वनस्पतींची शेवटची रेषा खूप खाली राहिलेली असताना, दगडांखाली उड्या मारणारे छोटे कोळी सापडले. तेथे त्यांचे अन्न म्हणजे वाऱ्याबरोबर वर येणाऱ्या कणांवर जगणारे बारीक कीटक. कोळी लुळे करून मातीचे घर भरणारी माशी त्या उंचीवर नाही, असू शकत नाही.

उलट बाजूने पाहिले तरी क्रम तोच. ऑगस्ट 1883 मध्ये क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि जमीन राखेखाली गेली. नऊ महिन्यांनी, मे 1884 मध्ये, एडमंड कोतो हे फ्रेंच प्रवासी तेथे उतरले, तेव्हा त्यांना जिवंत असे एकच काही आढळले: जाळे विणणारा एक अगदी लहान कोळी. कोळ्यांची पिल्ले सुताचा धागा वाऱ्यावर सोडून त्याच्याबरोबर दूरदूर तरंगत जातात. म्हणून ओसाड जागी ती पहिल्यांत पोचतात. माशीला तेथे जगायचे तर आधी कोळी पुरेसे हवेत, कोळ्यांना खाद्य हवे, आणि ओली माती हवी. येण्याच्या रांगेत कोळी पुढे असतो आणि माशी मागे. प्रतिकूलतेत निघून जाण्याच्या रांगेत माशी पुढे असते.

येथे माझ्या मनातल्या चित्राची मांडणी बदलली. फुटलेल्या कोठडीत मी एक समर्थ आणि एक असहाय असे दोन जीव पाहिले होते. उंचीवर मात्र असहाय कोळी टिकतो आणि समर्थ कुंभारीण मागे राहते. तिचे सामर्थ्य खोटे नव्हे. पण ते अनेक अटींवर उभे आहे, आणि त्यांतली एक अट तिचा बळी आहे. पोशिंद्याला तिची गरज नाही, तिला पोशिंद्याची आहे. तिच्याही वर आणखी एक पायरी आहे. हिरव्या-निळ्या धातूसारखी झळकणारी एक माशी, जिला ‘कुकू वास्प’ म्हणतात, कुंभारणीची बंद कोठडी भेदून तीत आपले अंडे घालते. तिला कोळी हवा, कोळी आणणारी कुंभारीण हवी, तिने लिंपलेली माती हवी आणि हे सारे योग्य दिवशी हवे. साखळीत जो जितका शेवटी, त्याच्या अटी तितक्या अधिक, आणि डोंगर चढताना त्याचाच पाय प्रथम थांबण्याचा संभव मोठा.

उंचीला केवळ वजाबाकी मानणेही बरोबर नाही. इक्न्युमॉनिडी या कुळातल्या परजीवी माश्या नाजूक देहाच्या असतात, कोरड्या उन्हात त्यांच्या देहातले पाणी लवकर जाते, आणि म्हणून उष्ण प्रदेशांत तापलेल्या मैदानापेक्षा मध्यम उंचीवरची दमट, गार जंगले त्यांना मानवतात. त्यांच्यातल्या काही जाती कोळ्याला कोंडत नाहीत. माशी त्याला क्षणभर बधिर करून त्याच्या पोटावर अंडे चिकटवते आणि निघून जाते. कोळी शुद्धीवर येतो, जाळे विणतो, शिकार करतो, आणि अळी त्याच्या देहावर बसून थोडे थोडे शोषत राहते. विल्यम एबरहार्ड यांनी कोस्टा रिकामध्ये अभ्यासलेली आणि 2000 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेली हकीकत सर्वांत विलक्षण आहे. अळी कोळ्याला मारते त्या रात्री त्याच्याकडून नेहमीचे गोल जाळे विणले जात नाही. थोड्याच, पण बळकट धाग्यांची एक वेगळी रचना विणली जाते. ती कोळ्याच्या काही कामाची नसते, अळीचा कोश लटकवायला मात्र नेमकी योग्य असते. या अळीची वाढ पोशिंद्याच्या वाढीशी जखडलेली आहे. थंडीने कोळ्याचा काळ लांबला तर तिचाही लांबतो, आणि एकाचा काळ दुसऱ्यापेक्षा वेगळ्या गतीने बदलला तर दोघांचा मेळ तुटतो. भरलेल्या कोठडीतल्या अळीला निदान अन्नाचा साठा असतो. चालत्या देहावर वाढणाऱ्या अळीला साठा म्हणून काही नाही, फक्त दुसऱ्याचे आयुष्य आहे.

आश्रिताची ही स्थिती मला आमच्या घराण्याच्या इतिहासातून ओळखीची आहे. आजोबा गायकवाडी संस्थानाच्या खानगी खात्यात कारकून होते. 1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या दिवसाचा धक्का भोवतालच्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला फारसा बसला नाही. त्याने पावसाची वाट पाहिली आणि पेरणी केली. धक्का बसला तो राजवाड्याच्या व्यवस्थेवर ज्यांचे दिवस बेतलेले होते त्यांना. कलावंत कारखान्यातले गवई आणि वादक, आखाड्यांतले पहिलवान, पुरोहित, हुजरे, कारकून. कलेत किंवा कष्टांत त्यांची कोठे कसर नव्हती. कित्येकांच्या हातांत असे कौशल्य होते की जे घडायला दोन-दोन पिढ्या लागल्या होत्या. परंतु ते कौशल्य एका विशिष्ट हवेत वाढलेले होते, आणि हवा बदलली. आजोबांच्या दप्तरातली मोडी अक्षरे अतिशय नेटकी आहेत. त्यांना नंतर मिळालेल्या नोकरीत त्या अक्षरांचा उपयोग नव्हता.

आश्रित असणे हा दोष आहे, असे मी मानत नाही. जगातली बहुतेक सूक्ष्म आणि उत्कृष्ट कामे कोणाच्या ना कोणाच्या आधारावरच उभी राहतात, आणि मातीची ती सुबक कोठडीही त्यांतलीच आहे. परंतु ज्याचे जगणे अनेक अटींवर उभे आहे त्याने त्या अटी ओळखून असणे हे त्याचे कर्तव्य आहे. माशीला तसे ज्ञान नाही, ती फक्त थांबते. माणसाला ते असू शकते. माझे बरेचसे आयुष्य ज्या मैदानात गेले तेथे खत तयार होते, इंधन तयार होते, आणि ते आपोआप येत राहील असे धरून आपण सगळे घरे बांधतो. साखळीच्या वरच्या टोकाला बसलेल्याला आपण सर्वांत सुरक्षित आहोत असे वाटते, आणि त्याच टोकावर अटींची संख्या सर्वाधिक असते.

कोळ्याच्या दुःखाचा प्रश्न उंचीने सुटला का? अंशतः सुटला. वर गेल्यावर एक वैरी सुटतो आणि त्याच्या जागी थंडी आणि भूक येते. ज्या सहा हजारांहून अधिक मीटरांवर माशी नाही तेथे कोळ्याचे एक भक्ष्य चुकले तर दुसरे कधी येईल याची शाश्वती नाही. वेदनारहित उंची मला सापडली नाही. सापडली ती एवढीच गोष्ट, की दुःख देणाऱ्यालाही त्याच्या मर्यादा आहेत आणि त्या डोंगराच्या उतारावर बोट ठेवून दाखवता येतात.

आता त्या मर्यादा सरकत आहेत. हवा तापू लागली की उष्णतेला जुळलेले जीव वर चढतात आणि गारव्यावर जगणारे आणखी वर ढकलले जातात. हे जगातल्या अनेक डोंगरांवर नोंदले गेले आहे. हिमालयात वर जायला जागा आहे, कळसूबाईच्या 1,646 मीटरांतही थोडी आहे. पावागडाला ती नाही. माथ्यावरच्या दमट झुडपांत ज्या परजीवी माश्या आज तगून आहेत त्यांना आणखी वरचा डोंगर मिळणार नाही. आणि खालची कुंभारीण, जिला आजवर ढग अडवत होते, ती वर अधिक दिवस काम करू लागेल, म्हणजे वरच्या कोळ्यांवर आजवर नसलेला भार पडेल. हा बदल कोळी मोजून उशिरा कळेल. माशी मोजली तर आधी कळेल, कारण तीच अधिक अटींवर जगते.

ही मोजणी कोणालाही करता येण्यासारखी आहे. बाजव्याच्या भिंती, पायथ्याच्या चांपानेरमधल्या जुन्या मशिदींच्या कमानी, माचीवरच्या धर्मशाळा आणि माथ्याजवळच्या इमारती अशा चार पातळ्या एकाच वाटेवर मिळतात. दिवाळीनंतर मातीची घरे पाहावीत. कोठडीच्या टोकाला मोठे गोल भोक असेल तर कुंभारणीचे अपत्य बाहेर पडले, वेगळ्या आकाराचे लहान भोक असेल तर दुसऱ्याच कोणाचे, बहुधा त्या झळकत्या माशीचे किंवा तिच्यासारख्या एखाद्या परजीवीचे. प्रत्येक पातळीवरचे हे आकडे दरवर्षी लिहून ठेवले तर काही वर्षांत डोंगराची हालचाल कागदावर दिसू लागेल. जवळच्या हालोलमधल्या एखाद्या शाळेने हे काम हाती घ्यावे अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यायला मी तयार आहे. बंद राहिलेल्या कोठड्या मात्र पहिल्या वर्षी फोडू नयेत. काही अळ्या थंडीचे महिने कोशात काढून पुढच्या ऋतूत बाहेर पडतात. त्या कोठड्यांवर खूण करून ठेवावी, पुढच्या भाद्रपदात त्या पुन्हा पाहाव्यात, आणि तेव्हाही बंद असतील तरच आतला जीव गेला असे वहीत लिहावे.